पुतणीला नाशिकला इलेक्ट्रिकल लागलंय, आणि आई विचारतेय ‘तठे कोन शे आपलं?’ (तिथे आपलं कोण आहे?)

बोरीकाठचा | १० जुलै, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मोठ्या भावाची मुलगी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. पोरीला दहावीला ८८ टक्के, गणितात ९३. डिप्लोमाचा फॉर्म तिने मैत्रिणीबरोबर जाऊन झेरॉक्सवाल्याकडे भरला. दादाला वाटलं धुळे-जळगाव टाकलं असेल. बाईसाहेबांनी एक नंबरला टाकलं नाशिकचं सरकारी तंत्रनिकेतन, इलेक्ट्रिकल. आज यादी लागली आणि नेमकं तेच लागलं. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागला की तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाद, असं पोरगीच सांगतेय. म्हणजे तिने सगळं वाचून, समजून केलंय. हातात तीन दिवस.

दादा चिडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प आहे. वहिनी म्हणते, अमळनेरला प्रताप कॉलेज आहे, अकरावी सायन्स करू दे, रोज घरी येईल. आणि आमची आई, वय ७८, ओट्यावर बसून दुपारपासून एकच विचारतेय: ‘तठे कोन शे आपलं?’

मी पुण्यात नोकरीला. फोनवर आईला काय सांगू? नाशकात आमचं खरोखर कोणी नाही.

फी, स्कॉलरशिप, वसतिगृह, पुढची नोकरी, ज्याला जे माहीत असेल ते लिहा. ‘मुलींनी शिकलंच पाहिजे’ एवढं मात्र नको, ते घरात सगळ्यांना मान्य आहे. अडलंय ते दुसरीकडेच.

सेतूवाला | १० जुलै, रात्री १०:१५

भाऊ, माझं कामच हे आहे. जून-जुलैत माझ्या दुकानात रोज चाळीस पोरं आणि त्यांचे बाप उभे असतात. ऐका.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, चालू वर्षाचा. डोमिसाईल. ओबीसी असाल तर नॉन क्रीमी लेयर. हे कागद नसतील तर आजच टोकन टाका, तलाठ्याच्या सहीसाठी उद्या सकाळी स्वतः जा. फोन करून काही होत नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४ पासून राज्याने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केलीये. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर विसरा. सरकारी तंत्रनिकेतनाची फी तशीही फार नसते. खरा खर्च राहण्याचा आणि जेवणाचा.

त्यासाठी प्रगती शिष्यवृत्ती बघा. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची आहे, फक्त मुलींसाठी. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून वर्षाला ५० हजार रुपये. उत्पन्नाची अट तीच, आठ लाख. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. अर्ज केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही. इथे निम्मी जनता चुकते. महाडीबीटीचा अर्ज भरला की झालं असं समजून घरी जातात आणि मार्चमध्ये माझ्याकडे येऊन भांडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोरीचं आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते आज तपासा. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मागच्या वर्षी एका मुलीची शिष्यवृत्ती पाचवीत असताना शाळेने काढलेल्या झिरो बॅलन्स खात्यात जाऊन पडली. पासबुक कुठेय ते तिच्या आईलाही माहीत नव्हतं. शेवटी गव्हाच्या कोठीमागे सापडलं.

आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नावातला ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं अक्षर न् अक्षर जुळतं का बघा.

शेवभाजी_किंग | १० जुलै, रात्री १०:५२

राग मानू नका काका, पण मुलीला इलेक्ट्रिकल कशाला? कॉम्प्युटर घ्यायचं ना. एसीत बसून काम. इलेक्ट्रिकलवाल्या पोरीला कोणी खांबावर चढवणार आहे का? आणि डिप्लोमा झालेल्या पोरीला नवराही इंजिनिअरच लागतो, तो शोधत बसा मग.

भुसावळ_लोकल | ११ जुलै, सकाळी ६:२०

किंग भाऊ, मी चढलेय खांबावर. सेफ्टी बेल्ट लावला की बाई आणि बुवा दोघंही सारखेच लटकतात.

काका, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. नंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. आयटीआयवाल्यांना ती सोय असते, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग डिग्रीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. म्हणजे तुमची पुतणी आज बारावीचा रस्ता सोडतेय म्हणून डिग्रीचा रस्ता बंद होत नाही. हे वहिनींना नक्की सांगा. माझ्या आईला हेच कोणी सांगितलं नव्हतं.

कामाचं म्हणाल तर दीपनगरचं औष्णिक केंद्र इथेच. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, शेताशेतात सोलर पंप बसतायत. महावितरण, महापारेषण, रेल्वे आहेच. खान्देशात ऊन फुकट आहे, त्यावर आता लोकांची पोटं भरतायत.

आणि साताऱ्याच्या सुरेखा यादव. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. त्यांचं शिक्षण काय? कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या. मी तो व्हिडिओ आजीला दाखवला होता. आजी म्हणाली, ‘हिच्या घरी सैपाक कोण करतं?’ असो.

गुलाबी चित्र मात्र रंगवणार नाही. मी अप्रेंटिस होते त्या कारखान्याचं नाव नको, पण दीडशे माणसांत आम्ही दोघी. सेफ्टी शूज सात नंबरच्या खाली यायचेच नाहीत. माझा पाय चार नंबर. दोन मोजे घालून पुढे कापूस कोंबायचे आणि शिडी चढायचे. बायकांचं संडास ऑफिसच्या इमारतीत, शेडपासून दहा मिनिटं चालत. गेलं की सुपरवायझर घड्याळ बघायचा. म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. मे महिन्यात, भुसावळात! एकदा मेगर घेऊन मोटरचं इन्सुलेशन तपासताना डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. झालं, ‘बघा, पोरींना झेपत नाही.’

मला झेपत होतं. पाणी प्यायले असते तर अजून झेपलं असतं.

मग दुसरी जी होती, ती शिंदखेड्याची, तिने वहीतलं पान फाडून अर्ज लिहिला. शेडशेजारच्या बंद संडासाची चावी आम्हाला द्या, साफ आम्ही ठेवू. दोघींच्या सह्या. आवक-जावक वहीत नोंद करून पोच घेतली, ही अक्कल तिची. पंधरा दिवसांनी चावी मिळाली. बूट मिळायला सहा महिने. एकटी असते तर मी तो अर्ज कधीच लिहिला नसता, काम सोडून घरी आले असते आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, बरं झालं.

केळीपट्टा | ११ जुलै, सकाळी ८:०५

पाणी न पिण्याचं वाचून वाईट वाटलं ताई. आमच्या घरी दोन मुली आहेत, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एरंडोलचे_मास्तर | ११ जुलै, दुपारी १:३०

मधल्या सुटीत लिहितोय. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, सव्वीस वर्षं झाली.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी वर्गात कमला सोहोनींची गोष्ट सांगतो. मुंबईत पहिल्या आलेल्या. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तर खुद्द सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण बाई. त्या तिथेच अडून बसल्या. शेवटी वर्षभर काम बघू, मग ठरवू, अशा अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. परत येऊन कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं. पोरी टाळ्या वाजवतात, फळ्यावर मी नाव लिहितो, तास संपतो.

तीन वर्षांपूर्वी एका मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, त्यांना बंगळूरला अशी संस्था आहे हे कसं माहीत होतं?

मला उत्तर माहीत होतं, पण मी ते कधी सांगत नव्हतो. सोहोनींचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, त्याच संस्थेत शिकलेले. घरात त्या जागेचं नाव रोज निघत असणार. मी हे सांगितलं तेव्हा ती पोरगी फक्त ‘हां’ म्हणाली आणि खाली बसली. त्या ‘हां’ने मला फार दिवस छळलं.

सोहोनींची लढाई यामुळे लहान होत नाही. दार बंद होतं, ते त्यांनीच उघडलं. पण दार कुठेय हे त्यांना घरातून कळलं होतं. माझ्या वर्गातल्या पोरींचे वडील ऊसतोडीला नाहीतर हमालीला, फार तर किराणा दुकानात. त्यांना दार कोण दाखवणार? एक मी, आणि मी स्वतः डी.एड. करून बी.एस्सी. बाहेरून केलेला माणूस.

बोरीकाठचा, तुमच्या मातोश्री चुकीचा प्रश्न विचारत नाहीयेत. अख्ख्या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे. आपण त्याला जुन्या माणसाची भीती म्हणून बाजूला सारतो आणि भाषणं देत बसतो.

शेवभाजी_किंग | ११ जुलै, दुपारी २:१०

मास्तर, तुमचं पटलं. पण लग्नाचं मी बोललो ते खोटं आहे का सांगा.

पांझराकाठ | ११ जुलै, सायंकाळी ७:४५

खोटं नाही, पण उलटं आहे. आमच्या धुळ्याकडे वीस एकरवाल्या शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाहीये, दलाल लाखाच्या गोष्टी करतायत. आणि आपण काळजी कोणाची करतोय, तर शिकलेल्या पोरीला नवरा मिळेल का याची.

माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, आता नोकरीला. किंग भाऊ म्हणतात तसं, एसीतच. तिला मुलाखतीत एका ठिकाणी विचारलं, लग्न कधी करणार? आणखी एका ठिकाणी विचारलं, वडील रात्री उशिरापर्यंत थांबू देतील का? बरोबरच्या मुलाला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा विचारली. त्यामुळे एसीत सगळं सोपं असतं असं नाही.

पण मला सांगायचंय ते पहिल्या वर्षाचं. गणेशोत्सवाच्या आधी फोन आला, रडत. इंग्रजी कळत नाही, लॅबमध्ये चौघांत एक कॉम्प्युटर, कीबोर्ड नेहमी मुलांच्या हातात, हिचं काम वहीत उतरवून घ्यायचं. मी बँकेतून रजा काढून रात्रीच्या एसटीने निघालो. खरं सांगतो, तिची बॅग भरून आणायलाच निघालो होतो.

खोलीवर पोचलो तर तिची रूममेट, शहाद्याची, एक वर्ष पुढे. मला चहा दिला आणि म्हणाली, ‘काका, मागच्या वर्षी माझे पप्पा पण असेच आले होते.’ मग तिने सांगितलं की ती सकाळी साडेसातला लॅब उघडली की शिपाईकाकांना सांगून बसते, तेव्हा कीबोर्ड रिकामा असतो, उद्यापासून हिलाही नेते. मी दुपारच्या गाडीने परत आलो. धुळ्यात उतरलो तर बायको विचारते, पोरगी कुठेय?

त्या शहाद्याच्या मुलीचं नाव आमच्या घरात अजून निघतं. ती नसती तर माझी मुलगी आज गावात शिवणकाम करत असती आणि मी म्हणालो असतो, पुण्याचं पाणी मानवलं नाही.

बरणीवाली | ११ जुलै, रात्री ११:३०

मी फार लिहीत नाही इथे, पण आज लिहिते. मी धडगाव तालुक्यातली, पावरा आदिवासी. आश्रमशाळेत शिकले, मग नंदुरबारला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. वसतिगृहात नंबर लागला नाही तेव्हा आदिवासी विकास विभागाच्या स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात आले, म्हणून टिकले. आदिवासी मुलींनी ती योजना जरूर बघा.

आता जळगाव भागात टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे. तुम्ही रावेर-यावलला केळीच्या बागा बघता, त्यातल्या जी-नाइन जातीची रोपं आमच्यासारख्या लॅबमधून जातात. चांगल्या झाडाचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू, आणतात, वरची पापुद्री सोलत सोलत आतला नखाएवढा कोंब काढतात. तो निर्जंतुक करून बरणीत, अगर-अगरच्या जेलीवर ठेवायचा. एकाचे दोन-चार होतात, ते कापून वेगळे करायचे, पुन्हा नव्या बरणीत. लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेचा झोत सोडणाऱ्या टेबलासमोर बसून, हातमोजे, टोपी, मास्क, चिमटा आणि ब्लेड दर वेळी ज्योतीवर तापवून गार करायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीत पांढरा कापूस दिसला की समजायचं, बुरशी. ती बरणी उघडायची पण नाही, तशीच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या भांड्यात, १२१ अंशावर. माझ्या पहिल्या आठवड्यात साठातल्या बावीस बरण्या गेल्या. मी संडासात जाऊन रडले. शेजारच्या टेबलवरची ताई, चोपड्याची, म्हणाली, ‘कोपर वर उचलते तू. हवा अडते.’ एवढंच. त्यानंतर साठात दोन.

कोणत्याही पुस्तकात कोपराचं नव्हतं.

आई मागच्या वर्षी पहिल्यांदा बघायला आली. काचेतून रॅकवर हजारो बरण्या दिसल्या. घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोरगी लोणच्याच्या कारखान्यात आहे, पण लोणचं अजून कच्चं आहे. तेव्हापासून घरात मी बरणीवाली.

काका, आजींना माझा नमस्कार. मी जळगावला आले तेव्हा माझंही कोणी नव्हतं.

बोरीकाठचा | १२ जुलै, सकाळी ७:१०

रात्री सगळं वाचून दाखवलं, फोन स्पीकरवर ठेवून. दादा लोणच्याच्या कारखान्यावर हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

सेतूवाला भाऊ, तुमचं खरं निघालं. आधारवर वडिलांच्या नावात काना जास्त आहे. दादा आत्ता अमळनेरला गेलाय.

आई मात्र तिथेच आहे. म्हणते, हे सगळे लोक धुळ्या-भुसावळचे, नाशिकमधलं कोण?

भुसावळ_लोकल | १२ जुलै, सकाळी ७:३५

थांबा. माझ्याबरोबर आयटीआयला होती तिची धाकटी बहीण नाशिकला डिप्लोमाला आहे बहुतेक. विचारते.

भुसावळ_लोकल | १२ जुलै, दुपारी १२:५०

मिळाली! पारोळ्याची. त्याच तंत्रनिकेतनात, दुसऱ्या वर्षाला गेली, शाखा सिव्हिल. तिच्या आईला विचारून नंबर तुम्हाला निरोपात पाठवलाय, इथे टाकत नाही. ती म्हणाली वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर गुणांवर लागते, आधी कोणी खात्री देत नाही, पण ८८ टक्केवाल्या मुलीने अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. नंबर लागेपर्यंत तिच्या ओळखीच्या मावशींकडे खोली आहे, तिथे तीन मुली आपल्याकडच्याच आहेत.

पांझराकाठ | १२ जुलै, दुपारी १:१५

पारोळा म्हणजे तुमच्या शेजारचाच तालुका की.

बोरीकाठचा | १३ जुलै, रात्री ८:२०

प्रवेश घेतला. आज शेवटचा दिवस होता, दुपारी चारला कन्फर्म झालं.

काल रात्रीचं सांगतो. त्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. आईने फीचं विचारलं नाही, वसतिगृहाचंही नाही. पहिलाच प्रश्न, ‘कोनी पोर शे व तू?’ (कोणाची पोर गं तू?) तिने वडिलांचं नाव सांगितलं. मग आजोबांचं. मग आजोळ कुठलं. अर्धा तास. शेवटी निघालं काय, तर तिच्या आजीचं माहेर आमच्या आत्याच्या सासरचं गाव. नातं म्हणाल तर ओढूनताणून, पण आईला तेवढं पुरलं. म्हणाली, ‘दिवायीले येशी ते मनाकडे जेवाले ये.’ (दिवाळीला आलीस की माझ्याकडे जेवायला ये.) आणि फोन दादाच्या हातात देऊन आत गेली.

दादाने त्या मुलीला विचारलं, बेटा, तिथे भीती वाटते का? ती म्हणाली, काका, पहिला महिना वाटली. आता मेसच्या भाजीची वाटते.

पुतणी दाराआडून ऐकत होती. तिला रागावायचं आम्ही सगळे विसरूनच गेलो.

शेवभाजी_किंग | १३ जुलै, रात्री ९:००

अभिनंदन काका. बहिणीची मुलगी नववीत आहे, नंदुरबारला. तिला हा धागा पाठवलाय. सेतूवाला दादा, तुम्हाला फोन करेन.

सेतूवाला | १३ जुलै, रात्री ९:०४

दुकानात या, फोनवर काही होत नाही.

एरंडोलचे_मास्तर | १४ जुलै, दुपारी १:३५

एक विनंती. कानबाईला, आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, बाहेर शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बहुतेक पोरी घरी येतात. रविवारी रोटांचा नैवेद्य असतो, पण शनिवारी वेळ असतो. कोणी एरंडोलजवळची असेल तर माझ्या दहावीच्या मुलींशी तासभर बोलायला येईल का? भाषण नको. हारतुरेही नाहीत, आमच्याकडे त्याला पैसे नाहीत. बूट कुठल्या नंबरचे मिळतात, कोपर कसं धरायचं, असलं काहीतरी.

बरणीवाली | १४ जुलै, रात्री १०:१०

मी येईन सर. दोन रिकाम्या बरण्या आणि एक भरलेली घेऊन येते.

बोरीकाठचा | ४ ऑगस्ट, सकाळी १०:२५

कानबाई आज विसर्जन झाली, म्हणून गावी आहे. पोरगीही आली होती, दोन दिवसांसाठी. वसतिगृहात नंबर लागला, दुसऱ्या यादीत. इंग्रजी कळत नाही म्हणतेय, पण बॅग भरून आणायला कोणी निघालेलं नाही.

भुसावळ_लोकल ताई, प्रॅक्टिकलला मल्टिमीटर आणायला सांगितलाय. कुठला घेऊ, किती रुपयांचा?

भुसावळ_लोकल | ४ ऑगस्ट, सकाळी ११:००

नवीन घेऊ नका. माझा जुना पडून आहे, चांगला चालतो. पोरगी नाशिकला कधी निघतेय ते सांगा, वाटेत कोणाच्या तरी हाती देते. नऊ व्होल्टची बॅटरी नवीन टाकून घ्या. आणि लाल वायर मुळाशी सैल झालीये, काळी टेप गुंडाळलीये, ती काढू नका.